पंक्तिगृहांचा वारसा : गिरणगावच्या चाळी आणि कोन येथील शाळा

(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी शिक्षकोपयोगी पाठ)

१. पाठाचे प्रयोजन

रायगड जिल्ह्यातील मुलांस वारसा हा शब्द प्रथम भेटतो तो किल्ल्यांच्या संगतीने. पनवेल तालुक्यातील मुलांच्या तर दृष्टीसमोर कर्नाळ्याचा सुळका उभा असतो. आणि २०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत रायगडाचा समावेश झाल्याने या विषयास शाळाशाळांतून नवे तेज चढले. हे सर्व योग्यच होय. परंतु त्याबरोबर मुलांच्या मनात एक चुकीची समजूतही नकळत रुजते. ती अशी की, वारसा म्हणजे राजांनी बांधलेले, दगडांत घडविलेले व डोंगरावर उभे असलेले असे काहीतरी. आपल्या आजोबांच्या राहत्या खोलीशी त्याचा काही संबंध नाही.

प्रस्तुत पाठाचा हेतू ही समजूत दूर करणे हा आहे. एकास एक भिंत लावून रांगेने बांधलेल्या घरांस पंक्तिगृहे म्हणता येईल. मुंबईच्या गिरणगावातील चाळी हे आपल्याकडील पंक्तिगृहांचे सर्वांत मोठे उदाहरण होय. या चाळी का बांधल्या गेल्या, त्यांत काय घडले, त्यांचे मोल कशात आहे आणि त्यांच्यातील काय जतन करणे योग्य, याचा विचार येथे केला आहे.

२. कोन येथेच हा पाठ का घ्यावा?

पनवेल तालुक्यातील कोन या गावाचा गिरणगावाशी प्रत्यक्ष संबंध जुळला आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेत कोन येथे उंच इमारती बांधण्यात आल्या. त्यांतील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी काढली. १६० चौरस फुटांची दोन घरे मिळून एका कुटुंबाचे ३२० चौरस फुटांचे घर, अशी ही योजना होती. पुढे २०२० साली कोविडच्या साथीत या इमारती रुग्णांच्या अलगीकरणासाठी वापरण्यात आल्या. त्यानंतर दुरुस्त्या करणे भाग पडले आणि कामगारांस ताबा मिळण्यास आणखी विलंब झाला.

अशा रीतीने परळ, लालबाग, वरळी, शिवडी येथील चाळींत आयुष्य काढलेली माणसे व त्यांची नातवंडे कोनशी जोडली गेली. गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला. त्या वेळी ऐन तारुण्यात असलेला कामगार आज सत्तरीच्या पलीकडे आहे. चाळ कशी होती हे स्वतःच्या अनुभवाने सांगू शकणारी ही पिढी आहे तोवरच तिच्याजवळील माहिती मिळविणे शक्य आहे. पुढील दहा वर्षांत हे काम झाले नाही, तर ते कधीच होणार नाही. या पाठाची निकड ती हीच.

३. चाळीची रचना

शिक्षकाने प्रथम फळ्यावर रांगेतील वीस चौकोन काढून दाखवावेत आणि एक साधे गणित घालावे. वीस खोल्या सुट्या सुट्या बांधल्या, तर प्रत्येकीच्या डाव्या-उजव्या मिळून चाळीस भिंती लागतील. त्याच खोल्या एकमेकींस चिकटवून बांधल्या, तर एकवीस भिंतींत काम भागेल. जागा वाचते, विटा वाचतात, चुना वाचतो; आणि भाडे कामगाराच्या आवाक्यात राहू शकते. पंक्तिगृहांचा जन्म या हिशेबात आहे. हा हिशेब मुंबईत झाला तसा इंग्लंडच्या गिरणगावांतही झाला.

खासगी मालकांच्या जुन्या चाळींत बहुधा मध्ये चौक, त्याभोवती दोन-तीन मजले, प्रत्येक मजल्यावर खोल्यांची रांग आणि खोल्यांपुढून जाणारी लाकडी कठड्याची लांब गॅलरी, अशी मांडणी असे. खोलीत एका कोपऱ्यात मोरी, वर भांड्यांची फळी आणि उंची पुरत असेल तर पोटमाळा. नळ व शौचकूप मजल्याच्या टोकाशी, सर्वांस सामाईक. गॅलरीत कपडे वाळत, धान्य निवडले जाई, मुले अभ्यास करीत आणि रात्री पुरुषमंडळी पथारी पसरीत. म्हणजे खोली जरी एका कुटुंबाची, तरी घराचा निम्मा व्यवहार सामाईक जागेत चाले. हे वैशिष्ट्य मुलांच्या मनावर नीट ठसले पाहिजे, कारण चाळीच्या पुढील सर्व इतिहासाचे मूळ त्यात आहे.

सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींची रचना थोडी निराळी होती. तेथे मधोमध बोळ व दोन्ही अंगांस खोल्या असत. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस, म्हणजे एका इमारतीत ऐंशी खोल्या. आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. कोनच्या योजनेतील मूळ एका घराचे क्षेत्रफळही तेवढेच होते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

४. चाळी कशा उभ्या राहिल्या?

मुंबईत कापडगिरणीचा पाया कावसजी दावर यांनी १८५४ साली घातला. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि रत्नागिरी, कुलाबा, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे कामासाठी मुंबईस येऊ लागली. (आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पूर्वी कुलाबा असे होते, हे मुलांस सांगावे.) बहुतेक कामगार एकटे येत व कुटुंब गावी राही. एका गावाचे अनेक जण मिळून एक खोली घेत. प्रत्येकाची एक ट्रंक व एक वळकटी. पाळी संपवून एक जण परते तेव्हा दुसरा कामावर गेलेला असे, आणि त्याच जागेवर पहिला अंग टाकी. अशा खोल्यांस गावकीच्या खोल्या म्हणत.

इतक्या दाटीत आरोग्य टिकणे कठीण होते. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली. तिच्या अनुभवाने सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने दाट वस्त्या मोडल्या, रस्ते काढले व स्वतःच्या चाळी बांधल्या. पुढे १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बी. डी. डी., हे खाते निघाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवून त्यातून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ इमारती झाल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीस. त्या काळी नवीन असलेल्या लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटने इतकी घरे एकाच साच्याने बांधली गेली, हे बांधकामाच्या इतिहासातही लक्षात घेण्याजोगे आहे.

५. भिंतींआड काय घडले?

घराचे मोल त्याच्या भिंतींवरून जितके ठरते, तितकेच त्या भिंतींआड घडलेल्या गोष्टींवरूनही ठरते. खालील उदाहरणे मुलांस गोष्टीरूपाने सांगावीत.

(अ) गिरगावातील केशवजी नाईक यांच्या चाळींत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. उत्सवास सभागृह लागले नाही. चाळीचा चौक हेच सभागृह आणि गॅलऱ्या ही प्रेक्षकांची जागा.

(आ) परळ येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. दादरचे राजगृह बांधून होईपर्यंत त्यांचा संसार चाळीतील दोन खोल्यांत चालला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील त्या महान घटनेचा नेता त्या काळी चाळीतील रहिवासी होता.

(इ) एकट्या राहणाऱ्या कामगारांस जेवण पुरविण्याच्या खाणावळी चाळीतील स्त्रिया आपल्या खोलीतच चालवीत. या स्त्रियांस सावकाराच्या कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. एका खोलीतील चूल हे एका मोठ्या संस्थेचे मूळ ठरले.

(ई) भजनी मंडळे, व्यायामशाळा, वाचनालये, नाट्यमंडळे, गावोगावची ग्रामस्थ मंडळे आणि कामगारांच्या युनियन यांचे काम चाळींतून चाले. गावी शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप बांधावयाचा, तर त्याची वर्गणी गिरणगावात जमत असे. कोकणातील कित्येक शाळांच्या भिंतींत चाळीतील घामाचा पैसा आहे.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. दार उघडले की सामाईक गॅलरी, आणि गॅलरीत शेजारी. निरोप द्यावयास, वर्गणी जमवावयास, आजाऱ्याच्या उशाशी बसावयास किंवा सभेस बोलवावयास वेगळी व्यवस्था करावी लागत नसे. चाळीच्या बांधणीनेच माणसांस एकत्र आणले. वास्तूची मांडणी आणि समाजाचे वर्तन यांचा हा संबंध, हाच चाळीच्या वारशाचा गाभा होय.

६. दुसरी बाजू

येथे शिक्षकाने विशेष काळजी घ्यावी. चाळीचे गोड वर्णन करून थांबणे म्हणजे मुलांस अर्धे सत्य सांगणे होय. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. बाळंतिणीस आडोसा नसे. सकाळी नळापाशी व शौचकूपापाशी रांग लागे आणि तेथे भांडणेही होत. क्षयरोगासारखा आजार एका खोलीतून दुसरीत सहज शिरे. जात आणि धर्म यांचे भेद चाळीबाहेर राहिले नाहीत. कोणास कोणत्या चाळीत खोली मिळेल हे पुष्कळदा त्यांवरच ठरे.

पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे गरीब भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या. त्यावर उपाय म्हणून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. गिरण्या बंद पडल्यावर तर चाळींखालील जमिनीस सोन्याचे मोल आले, पण चाळीत राहणाऱ्याच्या हातचे काम गेले.

तेव्हा ज्यास मोठे, हवेशीर व स्वतंत्र शौचकूप असलेले घर मिळत आहे, त्याने वारशाच्या नावाखाली जुन्याच खोलीत राहावे असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणासही नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासास २०२१ साली आरंभ झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५०० चौरस फूट हा फरक काय असतो, हे त्या कुटुंबांतील गृहिणीच जाणे.

७. इतर ठिकाणी काय केले गेले?

इंग्लंडात सर टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने १८५१ पासून सॉल्टेअर नावाचे कामगारांचे गाव वसविले. गिरणी, दगडी पंक्तिगृहे, शाळा, रुग्णालय असे ते आखीव गाव आहे. युनेस्कोने २००१ साली त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. घरांत आजही लोक राहतात. बर्मिंगहॅम शहरात पाठीस पाठ लावून बांधलेली, अंगणाभोवतीची कामगारांची लहान घरे एके काळी हजारोंनी होती. ती बहुतेक पाडली गेली. मात्र अखेरचे एक अंगण व त्याभोवतालची घरे जपून २००४ साली लोकांस पाहण्यासाठी खुली केली. निरनिराळ्या काळी तेथे राहिलेल्या कुटुंबांची घरे कशी लागत, ते तेथे मांडून दाखविले आहे. आपल्या जवळ पणजीचा फोंताइन्हास भाग आहे. तेथील भिंतीस भिंत लावून असलेली रंगीत घरे संरक्षित क्षेत्रात मोडतात व ती पाहण्यास दूरदूरचे लोक जातात.

मुंबईतही १९९५ साली वारसा वास्तूंचे नियम झाले व वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहास जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत उच्च न्यायालय आहे, विद्यापीठ आहे, मरीन ड्राइव्हवरील सुंदर घरे आहेत. ज्या कापसाच्या व्यापारावर व गिरण्यांवर त्या शहराचे वैभव पोसले, त्या गिरण्यांतील कामगारांच्या घरांस त्या यादीत स्थान नाही. शहराची गोष्ट सांगताना मालकाची हवेली राहावी आणि मजुराची खोली पुसली जावी, हे न्यायाचे नाही, इतके दहा वर्षांच्या मुलासही समजते.

या उदाहरणांवरून मार्ग स्पष्ट होतो. राहणाऱ्यास चांगले घर मिळणे हा त्याचा हक्क होय. चाळीची स्मृती राखणे हे सर्व समाजाचे कर्तव्य होय. दोहोंत विरोध नाही. सर्व चाळी राखणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु प्रत्येक वसाहतीतील निदान एक इमारत, किंवा एक मजला, खोली-मोरी-गॅलरीसह जसाच्या तसा राखता येतो. पाडण्यापूर्वी मोजमापे, नकाशे व छायाचित्रे घेता येतात. आणि नव्या इमारती आखताना, शेजाऱ्यांनी एकमेकांस भेटावे अशी सामाईक जागा प्रत्येक मजल्यावर ठेवता येते. हा तिसरा धडा सर्वांत मोलाचा व सर्वांत दुर्लक्षित आहे.

८. वर्गात व वर्गाबाहेर करावयाचे उपक्रम

(१) शाळेच्या पटांगणात चुन्याने दहा फूट रुंद व सोळा फूट लांब असा आयत आखावा. क्षेत्रफळ मुलांकडून काढून घ्यावे. त्यात मोरी, चूल, कॉट, कपाट यांच्या जागा आखाव्यात व नंतर आठ मुलांस आत निजण्यास सांगावे. पुस्तकातील दहा ओळींनी होणार नाही तो बोध या एका कृतीने होतो.

(२) त्याच आयतापुढे पाच फूट रुंदीची गॅलरी आखावी आणि शेजारी तसाच दुसरा आयत काढावा. कोणती कामे आत होतील, कोणती बाहेर, याची यादी मुलांनी करावी.

(३) प्रत्येक मुलाने घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीस पाच प्रश्न विचारावेत. पाणी किती वाजता येई? रात्री कोण कोठे निजे? सणास काय होई? कोणत्या गोष्टीचा त्रास होई? कोणती गोष्ट आज हवीशी वाटते? उत्तरे सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावीत. भाषा सुधारू नये. चौथा प्रश्न कदापि गाळू नये.

(४) कोनच्या मूळ ग्रामस्थांची मुलेही वर्गात असतात. त्यांनी आपल्या जुन्या घरातील ओटी, माजघर, पडवी यांचा नकाशा काढून आणावा. गावातील जुने घर आणि चाळीतील खोली असे दोन नकाशे शेजारी शेजारी लावून तुलना करावी. यामुळे जुने गावकरी आणि नवे रहिवासी यांची मुले एकमेकांच्या घरांविषयी आदराने बोलू लागतात.

(५) जमलेली उत्तरे, नकाशे व पालकांच्या संमतीने मिळालेली जुन्या छायाचित्रांची नक्कल यांची वही बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. दरवर्षी तीत भर घालावी.

सूचना : कोणाचे घर कसे मिळाले, कोणास मिळाले नाही, किती पैसे भरले, असे प्रश्न वर्गात विचारू नयेत. अनेक कुटुंबांस घराची वाट अजूनही पाहावी लागत आहे. आजी-आजोबा हयात नसलेल्या मुलास शेजारच्या एखाद्या वृद्धाची भेट ठरवून द्यावी, म्हणजे त्यास उणेपणा वाटणार नाही.

९. मूल्यमापनासाठी प्रश्न

(१) तीस खोल्या सुट्या बांधल्यास बाजूच्या भिंती किती लागतील? एका रांगेत चिकटवून बांधल्यास किती?
(२) चाळीतील गॅलरीचे तीन उपयोग सांगा.
(३) बी. डी. डी. चाळी कोणकोणत्या चार ठिकाणी आहेत?
(४) चाळीतील जीवनातील दोन चांगल्या व दोन त्रासाच्या गोष्टी लिहा.
(५) एक चाळ जपावयाची झाल्यास तिच्यातील कोणती वस्तू तुम्ही प्रथम जपाल? कारण द्या.

शेवटच्या प्रश्नास ठरावीक उत्तर नाही. कोणी कठडा म्हणेल, कोणी नळ, कोणी दाराची चौकट. जो विद्यार्थी कारण देईल, त्यास पूर्ण गुण द्यावेत.

१०. समारोप

किल्ला हा स्वराज्याचा वारसा आहे, तशी चाळ ही श्रमाचा वारसा आहे. किल्ल्याचे रक्षण करण्यास आता जगातील संस्था पुढे आल्या आहेत. चाळीचे रक्षण करण्यास सध्या तरी काही वृद्धांच्या आठवणी तेवढ्या आहेत, आणि त्या लिहून घेण्यास शाळेइतकी जवळची दुसरी संस्था नाही. एका वर्षी एका वर्गाने वीस वृद्धांची उत्तरे लिहून ठेवली, तर पाच वर्षांत शंभर घरांचा इतिहास कोनच्या शाळेत जमा होईल. शिक्षकबंधुभगिनींनी हे काम पहिल्याच सत्रात, पावसाळा सरताच, हाती घ्यावे.